राणीच्या बागेचे तिकीट आणि शहरवासीयांचा हक्क

सार्वजनिक बागेच्या दारावर तिकिटाची खिडकी असावी की नसावी, हा वाद आमच्या शहरांस नवा नाही. परंतु देशोदेशी त्यास अलीकडे एक निराळे वळण लागले आहे. 'तिकीट खुशाल असो, पण ते बाहेरच्या पाहुण्यांस पुरे आणि गावच्या रहिवाशांस कमी असावे,' असे म्हणणारा एक पक्ष निघाला असून, त्याचे म्हणणे प्रथमदर्शनी इतके न्याय्य वाटते की त्याविरुद्ध लिहावयास लेखणी धजू नये. आम्हीही त्याविरुद्ध लिहीत नाही. मात्र ज्या स्वरूपात ही सवलत मागितली जाते, त्या स्वरूपात ती मिळाली तर ज्यांच्या नावाने ती मागावयाची त्यांच्याच पदरात ती पडणार नाही, अशी आमची खात्री झाली आहे. ती का झाली, हे मुंबईच्या राणीच्या बागेच्या उदाहरणावरून वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

भायखळ्याच्या ह्या बागेचे नाव सरकारी दप्तरात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव बसले आहे. १८६२ च्या नोव्हेंबर महिन्यात लेडी फ्रियर ह्यांच्या हस्ते ती लोकांस खुली झाली, तेव्हा ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाच्या मंडळीच्या व्यवस्थेखाली होती. १८७३ साली ती मंडळी मोडली आणि बाग म्युनिसिपालिटीकडे आली, ती आजतागायत तिच्याकडेच आहे. प्रवेशद्वाराजवळचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून उभा राहिला. आवारातील संग्रहालयाच्या उभारणीत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी अंग मोडून काम केले, आणि त्या संग्रहालयास आज डॉ. भाऊ दाजींचेच नाव आहे. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, ही बाग म्हणजे कोणा राणीने रयतेस फुकट दिलेली खिरापत नव्हे. तीत ह्या शहरातील व्यापाऱ्यांचा पैसा आहे, आणि दीडशे वर्षे भरलेल्या कराचा पैसा त्याहून अधिक आहे.

शिवाय ही बाग उभी आहे ती कोठे, हेही पाहावे. लालबाग, परळ, चिंचपोकळी, नागपाडा, मदनपुरा, माझगाव! एके काळी जेथे गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस उजाडत असे, त्या वस्तीच्या अगदी मध्यावर पन्नास एकरांहून मोठी ही हिरवी जागा आहे. गिरण्या गेल्या, दहा बाय बाराच्या खोल्या पुष्कळशा राहिल्या आहेत. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास पडते, असा हिशेब नगररचनेचे अभ्यासक वारंवार देतात. नगररचनेच्या सरकारी मार्गदर्शिकेत तर माणशी दहा ते बारा चौरस मीटर जागा असावी असे म्हटले आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक सतरंजीदेखील धड अंथरता येत नाही. ज्या कुटुंबात पाचसहा माणसे एका खोलीत निजतात, त्या कुटुंबातील सुनेस सासूच्या नजरेआड घटकाभर बसावयास, मुलास चेंडू घेऊन धावावयास आणि म्हाताऱ्यास मोकळा श्वास घ्यावयास जी जागा उरते ती बागच होय. बंगल्याच्या आवारात स्वतःची हिरवळ असणारास बाग ही चैन आहे. चाळीतल्या माणसास ती घराचीच एक खोली आहे.

आता तिकिटाकडे वळू. पुष्कळ वर्षे येथे मोठ्या माणसास पाच रुपये आणि मुलास दोन रुपये पडत. २०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियाच्या सेऊल शहराहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन पक्षी आणण्यात आले. त्यांच्यासाठी थंड हवेचे खास दालन बांधून ते २०१७ च्या मार्चमध्ये लोकांस खुले करण्यात आले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मोठ्या माणसाचे तिकीट पन्नास रुपये व मुलाचे पंचवीस रुपये झाले. आईबाप व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबास एकत्र शंभर रुपये, ही त्यातल्या त्यात सोय ठेवण्यात आली. पाचाचे पन्नास म्हणजे दसपट. आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी आपल्या मालाचा भाव एका रात्रीत दसपट केला, तर पेठेत त्याचे काय होईल हे त्यांस आम्ही सांगावयास नको.

चौघांच्या कुटुंबाची ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याने चाळीतले कुटुंब पाहिलेले दिसत नाही. समजा, परळचा एक मनुष्य बायको, तीन मुले आणि गावाहून नोकरीकरिता आलेला धाकटा भाऊ ह्यांस घेऊन रविवारी बागेत निघाला. चौघांचे शंभर, तिसऱ्या मुलाचे पंचवीस, भावाचे पन्नास, असे एकशे पंचाहत्तर रुपये दारावरच गेले. जुन्या दराने हीच मंडळी एकवीस रुपयांत आत गेली असती. बसचे भाडे, मुलांचे भेळ-कुल्फीचे हट्ट वेगळेच. असा मनुष्य वर्षातून एकदा बागेत जाईल, जत्रेस जावे तसा. पण दर आठवड्यास जाणार नाही. आणि बाग ही तर दर आठवड्यास, किंबहुना दररोज जाण्याची वस्तू आहे. पेंग्विन एकदा पाहिला की पाहून झाला; गोरखचिंचेच्या झाडाखाली बसावयाचे ते काही एकदाच बसावयाचे नसते.

ह्यावर उपाय म्हणून स्थानिकांच्या सवलतीची कल्पना पुढे येते, आणि तिच्या मुळाशी असलेला विचार खरा आहे. शहरवासीयाने बागेचे पैसे कराच्या रूपाने एकदा भरलेले आहेत. दारावर तेच पैसे पुन्हा मागणे म्हणजे एका मालाचे दोनदा बिल करणे होय. बाहेरून आलेल्या प्रवाशाने मात्र त्या बागेसाठी काही भरलेले नाही. त्याच्याकडून वाजवी रक्कम घेण्यात अन्याय नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली गोल्डन गेट पार्कातील वनस्पतिउद्यानास परगावच्या लोकांकरिता तिकीट लावले. शहरवासीयांनी पत्त्याचा दाखला दाखविला की त्यांस प्रवेश मोफतच राहिला. स्पेनमधील बार्सिलोना शहराची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. एउसेबी ग्युएल ह्या धनिकाने गौदी ह्या प्रख्यात वास्तुकाराकडून रचून घेतलेला पार्क ग्युएल १९२२ साली शहराने विकत घेतला आणि १९२६ साली तो सार्वजनिक झाला. पुढे प्रवाशांची इतकी झुंबड उडू लागली की २०१३ च्या ऑक्टोबरपासून त्यातील गौदीच्या बांधकामांच्या भागास तिकीट लावणे शहरास भाग पडले; शेजारच्या मोहल्ल्यांतील लोकांस आणि नाव नोंदविलेल्या शहरवासीयांस मात्र ते माफ करण्यात आले. तरीही शेजाऱ्यांचे दुःख संपले नाही. त्या मोहल्ल्यातून जाणारी ११६ क्रमांकाची लहानशी बस प्रवाशांनी इतकी भरून जाऊ लागली की म्हाताऱ्याकोताऱ्यांस चढावयास मिळेना. शेवटी २०२४ साली फोनवर रस्ता दाखविणाऱ्या नकाशांतून त्या बसचे नावच काढून टाकण्यात आले, तेव्हा कोठे त्यांस बसावयास जागा मिळू लागली! शेजाऱ्याचा हक्क नुसत्या तिकिटाच्या माफीने भागत नाही, हे ह्यावरून दिसेल.

परंतु सॅन फ्रान्सिस्को व बार्सिलोना येथील व्यवस्था उचलून भायखळ्यास आणू पाहणारांस आमचा एक साधा प्रश्न आहे. मुंबईत स्थानिक कोणास म्हणावयाचे? आणि ते दारावर सिद्ध कोणी व कसे करावयाचे?

मालमत्ता कराची पावती ही कसोटी धरावी, तर २०२२ च्या आरंभापासून मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांस तो कर माफ आहे. म्हणजे लहान घरात राहणारा, ज्यास बागेची गरज सर्वांत अधिक, तोच ह्या कसोटीस उतरणार नाही, आणि समुद्राकाठच्या प्रशस्त सदनिकेचा धनी पावती नाचवीत अर्ध्या दराने आत जाईल. वीजबिल धरावे, तर ते घरमालकाच्या नावाचे असते. भाड्याचा करार धरावा, तर एका गाळ्यात दहाजण पथाऱ्या टाकून राहणाऱ्या रत्नागिरीकडच्या किंवा आझमगडच्या कामकऱ्याजवळ करार कोठला? आधारकार्ड धरावे, तर निम्म्यांच्या कार्डावर गावचा पत्ता. वीस वर्षे ह्या शहराचे ओझे डोक्यावर वाहणारा हमाल कागदोपत्री परगावचा ठरावयाचा! शिवाय मुंब्रा, डोंबिवली, विरार, नालासोपारा येथून पहाटेच्या गाडीने जे लक्षावधी लोक येतात आणि रात्रीच्या गाडीने परततात, त्यांचे काय? त्यांचा दिवस मुंबईत जातो, त्यांची मेहनत मुंबईत मुरते, त्यांच्या खिशातील पैसाही पुष्कळसा मुंबईच्याच दुकानांत पडतो. त्यांची रात्र तेवढी निराळ्या म्युनिसिपालिटीच्या हद्दीत जाते. रात्र कोठे घालविली ह्यावर बागेतील दुपारचा हक्क ठरवावा, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही.

'ज्याने कर भरला त्यास हक्क' हे सूत्र आम्हीच वर मांडले. ते आम्ही मागे घेत नाही. परंतु कर कोण भरतो, ह्याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत फार तोकडी आहे. १ जुलै २०१७ पर्यंत मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हा होता. नाक्यावर जकात व्यापारी भरीत असे हे खरे. पण ती तो आपल्या पदरची भरीत नसे, हे व्यापाऱ्यांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? ती साबणाच्या वडीत, तेलाच्या डब्यात, कापडाच्या वारात मिसळून शेवटी गिऱ्हाइकाकडून वसूल होई; आणि त्या गिऱ्हाइकांत फुटपाथवर निजणारा मनुष्यही होता. आता जकातीच्या जागी वस्तू व सेवा कर आला आहे, आणि त्यातून राज्य सरकार म्युनिसिपालिटीस भरपाई देते. तो करही काड्यापेटीपासून चपलेपर्यंत सर्वांवर बसतो. (जकात गेली आणि पुढच्याच महिन्यात बागेचे तिकीट वाढले. ह्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे आमचे म्हणणे नाही. योग मात्र लक्षात राहण्यासारखा आहे.) तेव्हा ज्याच्या हाती कराची पावती नाही त्याने कर भरला नाही, असे मानणे म्हणजे हिशेबाची वही अर्धीच वाचणे होय.

ह्या ठिकाणी आम्हांस एका जुन्या प्रकरणाची आठवण द्यावीशी वाटते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कायदेकौन्सिलाने एक ठराव केला: जे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सार्वजनिक पैशाने बांधल्या वा राखल्या जातात, त्या अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या असाव्यात. पुढल्या वर्षी महाडच्या म्युनिसिपालिटीने आपले तळे त्याप्रमाणे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाचा खरा अर्थ सर्वांस कळला, आणि त्यापायी त्यांच्या माणसांस मारही खावा लागला. बागेच्या तिकिटाची आणि त्या अन्यायाची बरोबरी करण्याइतके आम्ही उथळ नाही. तथापि जे सार्वजनिक पैशाने उभे आहे त्याच्या दारावर कोण उभा आहे आणि तो काय विचारतो, ह्या प्रश्नास आपल्या प्रांतात एक इतिहास आहे, हे विसरता येत नाही. दारावरच्या शिपायास 'तू कोण? कोठला? कागद दाखव' असे विचारण्याचा अधिकार एकदा दिला, की तो अधिकार कोणावर अधिक चालेल आणि कोणावर कमी, हे चेहरा, भाषा आणि कपडे पाहून ठरणार. मोटारीतून उतरणाऱ्यास कागद विचारण्याचे धैर्य कोणत्या शिपायास होईल?

मग सवलत द्यावयाचीच नाही काय? द्यावयाची; पण कागदावर नव्हे. आमच्या किराणा दुकानदारांकडे पाहा. रोजच्या गिऱ्हाइकास ते दोन पैसे सोडतात, घटकाभर गप्पा मारतात, महिन्याच्या खात्यावर माल देतात. पण त्यासाठी कोणाचे रेशनकार्ड तपासत नाहीत. जो रोज येतो तो शेजारचा, हे त्यांस न विचारता कळते. बागेसही हीच रीत लावता येईल. पहाटे फिरावयास येणाऱ्यांकरिता राणीच्या बागेत मासिक पासाची पद्धत आहेच. तोच पास सकाळपुरता न ठेवता दिवसभराकरिता करावा, माणशी न देता कुटुंबास द्यावा, कुटुंबात किती माणसे हे मोजू नये, आणि त्याची किंमत एकदोन तिकिटांच्या वर जाऊ देऊ नये. तो मागेल त्यास द्यावा. पत्ता विचारू नये. नागपूरचा किंवा जयपूरचा प्रवासी एका दिवसासाठी महिन्याचा पास घेत बसणार नाही, आणि घेतलाच तर त्यात म्युनिसिपालिटीचे काही बिघडत नाही. जो घेईल तो बहुधा पायी येण्याच्या अंतरावरचाच असेल. अशा रीतीने स्थानिक कोण हे दारावरच्या शिपायाने ठरवावयाचे नसून, ज्याचे त्याच्या पायांनी ठरेल.

दुसरी गोष्ट, पेंग्विनांचे तिकीट निराळे करावे. सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट आहे ते विशिष्ट उद्यानांस. हजार एकरांहून मोठे गोल्डन गेट पार्क स्वतः सर्वांस मोकळे आहे. बार्सिलोनातही प्रारंभी गौदीच्या बांधकामांच्या भागासच तिकीट लागले, भोवतालची टेकडी मोकळी राहिली. आमच्याकडे मात्र जो मनुष्य वडाच्या सावलीत डोळे मिटून बसावयास येतो, तोही पेंग्विनांच्या थंड हवेचे वीजबिल भरतो. वाघ, पेंग्विन आणि पक्ष्यांचे मोठे पिंजरे ह्यांस स्वतंत्र दर असावा. झाडे, हिरवळ आणि बाके ह्यांस नाममात्र असावा, आणि आठवड्यातून एक दिवस तोही नसावा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एकोणिसाव्या शतकात एरवी एक शिलिंग पडे, आणि सोमवारी सहा पेन्स. त्या दिवशी कामकरी वर्गाची रीघ लागे. दाखला कोणी मागितला नाही, आणि उमरावांनीही सोमवारी येऊन सहा पेन्स वाचविल्याची तक्रार झाल्याचे ऐकिवात नाही. आमच्या बागेस बुधवारी सुट्टी असते. उरलेल्या सहा दिवसांपैकी एक दिवस काढणे अवघड नसावे. तो रविवार नसावा असे व्यवस्थापक म्हणतील, कारण रविवारी आधीच गर्दी आवरत नाही. ते खरे आहे. मग शनिवारची दुपार द्यावी, शाळा सुटलेल्या असतात.

'फुकट केले की मवाली शिरतात, घाण होते,' असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारांत आमचे काही स्नेहीही आहेत. मवाल्यास पन्नास रुपये जड नसतात. ते दोन मुलांच्या आईस जड असतात. घाण होते हे नाकबूल करण्याचे कारण नाही, पण ती केराच्या पेट्या कमी असल्याने आणि झाडणारे थोडे असल्याने होते. तिकिटाने जर स्वच्छता येत असती, तर आमच्या रेल्वेचे डबे आरशासारखे दिसते.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. जनावरांचे खाणे, वैद्य, माळी, पहारेकरी ह्यांस पैसा लागतो, आणि तो आकाशातून पडत नाही. परंतु मुंबईच्या म्युनिसिपालिटीचे २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेलेले आहे; अशा संस्थेने चाळकऱ्याच्या पन्नास रुपयांवर बागेचा ताळेबंद जुळवावा, हे तिच्या ऐपतीस शोभत नाही. आणि पाहुण्यांकडून पुरता दर घ्यावयास आम्ही कोठे नाही म्हणतो? ताजमहालाच्या दारी परदेशी प्रवाशाकडून भारतीयापेक्षा कितीतरी पट अधिक रक्कम घेतली जाते, आणि तो ती निमूटपणे देतो. पेंग्विनांच्या दालनास हवा तर आजच्याहूनही चढा दर लावावा. ज्यांस तो पाहावयाचा आहे ते देतील. एकदा देतील आणि समाधानाने देतील.

आमच्या ह्या योजनेत एक उणीव आहे, ती आम्हीच सांगून टाकतो. अमर्याद कुटुंबाचा पास दिला तर एका पासावर अख्खी चाळ आत जाईल, अशी भीती कोणी व्यक्त करील. जाईल कदाचित. चाळीतले पन्नास लोक एका संध्याकाळी बागेत बसले, तर त्यात बागेचे काय बुडाले हे आम्हांस ठाऊक नाही. पण हिशेबनिसास ते खुपेल, हे आम्ही समजू शकतो. म्हणून म्युनिसिपालिटीने हा प्रयोग प्रथम सहा महिन्यांपुरता करावा, आणि दर महिन्यास पास किती खपले, निराळ्या दालनांची तिकिटे किती गेली, आणि शनिवारी दुपारी किती माणसे आली, हे आकडे दारावर फळा लावून जाहीर करावेत. ते आकडे आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले, तर तेही आम्ही ह्याच स्तंभात, ह्याच जागी छापू.